डावीकडची बासरी

पडदेवालीला हेडफोन हवे होते ते हौस म्हणून नाही, नवरा दिवसा झोपायला लागला म्हणून.

नवरा बेकरीत भट्टीवर होता. लग्न झाल्यापासून पहाटे जायचा आणि जेवायच्या वेळेला घरी यायचा. उन्हाळा सुरू झाला आणि त्याने रात्रपाळी घेतली. घेतली म्हणजे घेऊनच आला. एका संध्याकाळी म्हणाला, “डबा आत्ताच भर, आजपासून रात्री जायचंय.” दूध एक पिशवी आणू की दोन, हे दुकानातून फोन करून विचारणारा माणूस! आणि घराची रात्र उलटीपालटी करताना बायकोला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही. तिला ते फार लागलं. पण विचारायचं त्याने होतं, मग आपण कशाला तोंड उघडा, असं म्हणून तिने डबा भरला आणि तोंडाला कुलूप लावलं. तोही काही बोलला नाही. तेव्हापासून घरात दिवसभर बोलायचं ते शिलाई मशीन.

मशीनचं त्याला काही वाटत नसे. ती शेजारच्या खोलीत जाड पडद्यांच्या पट्ट्या मारायची आणि त्या खडखडाटात तो घोरत पडायचा. पण फोनवर गाणं लागलं की डोळे टक्क उघडे. “मशीन काही बोलत नाही, गाणं बोलतं,” असं त्याचं म्हणणं. तिचा फोन पूर्वी स्टीलच्या पातेल्यात असायचा, म्हणजे आवाज घुमतो. आता पातेलं फडताळात गेलं आणि गाणं बंद झालं.

गाणी तिला सगळीच आवडायची, पण एकावाचून तिचं अडायचं. जुनं होतं. त्यात बासरी एक ओळ विचारते आणि गाणारी बाई तिला उत्तर देते. पुन्हा बासरी, पुन्हा बाई. शेवटी बासरी विचारून थांबते आणि बाई उत्तर द्यायला जरा उशीर लावते. तेवढ्या उशिरासाठी पडदेवाली अख्खं गाणं ऐकायची. दिवसातून एकदा ते झालं नाही तर तिची शिवण वाकडी जाते असं ती म्हणायची, आणि उन्हाळ्यापासून दोन गिऱ्हाइकांचे पडदे उसवून पुन्हा शिवून द्यावे लागले होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी तिने कुणालाच सांगितली नव्हती. तिचा डावा कान लहानपणी तापात गेला होता. पूर्ण. आई म्हणाली होती, “एक आहे ना? पुरतो. कुणाला सांगत बसू नकोस.” पोरीने ऐकलं, तेही एकाच कानाने, आणि लग्नानंतरही पाळलं. पहिल्या वर्षी सांगायचं राहिलं. पुढे सांगायचं म्हटलं तर आधी हे सांगावं लागणार की इतके दिवस का नाही सांगितलं. मग तो विषयच तिने मिटवून टाकला.

लपवायला फार अक्कल लागत नाही, जागा तेवढी धरावी लागते. चालताना ती सगळ्यांच्या डावीकडून चालायची, म्हणजे बोलणारा उजवीकडे यायचा. बसताना डाव्या टोकाची खुर्ची. सासरी तिला कोपऱ्याची राणी म्हणत. कधी डावीकडून कुणी हाक मारली आणि तिने ओ दिली नाही की मग शिष्ट ठरायची. लोक या कानाने ऐकतात आणि त्या कानाने सोडून देतात. तिला ती सोय नव्हती, त्यामुळे ऐकलेलं सगळं आतच राहायचं. जागा चुकली असेल ती एकदाच. दिराने थोरला स्पीकर घेतला होता आणि तो खोका त्याच्या गाडीत मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी पट्टा बांधून बसवला होता. लहान बाळाला जपावं तसा. मध्ये नवरा आणि उजव्या खिडकीला ही. नवरा डावीकडे आल्यामुळे घरी पोचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत आणि मनात दिराला शिव्या देत आली होती.

तर हेडफोन घ्यायचे ठरले तेव्हा सल्ला विचारायला जावं लागलं ते याच दिराकडे. दीर म्हणजे उंटावरचा शहाणा. विकायचा तो विम्याच्या पॉलिसी, पण आवाजाबद्दल बोलायला लागला की समोरच्याचा चहा थंड व्हायचा.

“वहिनी, घरी ऐकायचंय ना? मग स्टेज बघा.”

“कसलं स्टेज, भाऊजी?”

“डोळे मिटले की वाद्यं कुठे कुठे बसलीत ते दिसलं पाहिजे. तबला इथे, सतार तिथे. स्वस्तातल्यात सगळी खिचडी होते.”

“खिचडी झाली तर बिघडलं कुठे? मला ऐकायचंय, बसायला जागा नाही द्यायची त्यांना.”

भाऊजी हसले आणि पुढे अर्धा तास बोलले. शाळेच्या हॉलचे पडदे शिवून जे पैसे आले होते त्यातून मशीनची मोटार बदलायची होती. मोटार अजून ढकलता येईल, असं तिने ठरवलं आणि दुकानातला सगळ्यात स्वस्त जोड घेऊन आली. दोन वाट्या, मध्ये पट्टी. एक वाटी आपल्याला फुकटच जाणार, हे तिने धरलेलंच होतं. दोन्ही वाट्यांत गाणं एकच असणार, एकीने ऐकलं तरी काम झालं. तिचा हिशेब असा सरळ होता.

घरी येऊन तिने मशीनवर बसून गाणं लावलं. बाई गायली. मग काहीच नाही. मग बाई पुन्हा गायली. बासरी होती, पण शेजारच्या घरात कुणीतरी वाजवत असावं इतकी. बाई न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत सुटली होती. पडदेवालीने आवाज वाढवला, वायर हलवली, जोड काढून पुसला. शेवटची ती उशिराची जागा आली, तर तिथे नुसता खड्डा.

“स्वस्त घेतलंत ना?” भाऊजी फोनवर म्हणाले. “मी काय सांगत होतो?”

दुकानदार भला माणूस होता. त्याने जोड बदलून दिला, वरचे पैसे घेऊन. मोटारीचे पैसे गेले. हा नवा जोड कानावर गच्च बसायचा, बाहेरचा आवाज आत नाही आणि आतला बाहेर नाही. तिने लावला. बाईचा आवाज असा आला की जणू समोर बसून गातेय, श्वास घेतलेलाही कळत होता. बासरी मात्र पार गेली. शेजारच्या घरातूनही गेली. जास्त पैसे टाकून कमी ऐकू यायला लागलं होतं. तिने हेडफोन कपड्यांच्या ढिगावर फेकले आणि नंतर काही तुटलं तर नाही ना म्हणून स्वतःच उचलून पाहिले.

दुसऱ्या दिवशी घाईत ते उलटे घातले गेले. आणि बासरी आली! तिचे हात मशीनवर थांबले. बासरीने विचारलं. ती उत्तराची वाट बघत राहिली. बासरीने पुन्हा विचारलं. आता बाई गायब होती.

म्हणजे दोन वाट्यांत गाणं एक नव्हतंच. इकडे अर्धं, तिकडे अर्धं. तिच्या मते हा सरळ सरळ मालातला दोष होता. एवढे पैसे घेऊन अर्धं गाणं वाटीत घालून देतात म्हणजे काय? ती चिडून दुकानात निघाली. भाऊजींना कुठून कळलं कोण जाणे, तेही तिथे हजर. “तुम्हाला गप्प बसवतात ते, वहिनी. मी बोलतो.”

दुकानदाराने जोड स्वतःच्या डोक्यावर घातला, गाणं लावलं, मान डोलावली. मग भाऊजींनी घातला. त्यांनी डोळे मिटले आणि हवेत बोट दाखवून म्हणाले, “वा. बासरीवाला डावीकडे. बाई उजवीकडे. झकास आहे, वहिनी. याहून चांगलं या पैशात नाही मिळायचं.”

“झकास काय? अर्धंच ऐकू येतं.”

“कुठली बाजू बंद आहे?” दुकानदाराने विचारलं.

कुठली म्हणून सांगायची?

“असं करू, ताई. तुम्ही घाला. मी फक्त डावीकडून आवाज सोडतो. आला की हात वर करा.”

ही परीक्षा तिला शाळेपासून माहीत होती. तपासणाऱ्याच्या हाताकडे बघायचं, बोट हललं की हात वर. त्या युक्तीवर ती शाळेत पास झाली होती. तिने दुकानदाराच्या अंगठ्यावर नजर ठेवली. अंगठा हलला. तिने हात वर केला.

“ताई, मी अजून सोडलाच नाही,” दुकानदार मोठ्याने म्हणाला.

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातलं एक हसलं. दुकानदाराने पाठ फिरवली, फोन छातीशी धरला. आता अंगठा दिसेना. ती त्याच्या शर्टाकडे बघत उभी राहिली. हात खालीच. भाऊजींनी तिच्या उजव्या बाजूची वाटी जरा उचलली आणि म्हणाले, “वहिनी, लक्ष कुठे आहे तुमचं?”

लक्ष कुठे आहे! हे वाक्य तिने मास्तरांकडून ऐकलं होतं, सासूकडून ऐकलं होतं, नवऱ्याकडूनही ऐकलं होतं. त्या क्षणी तिला त्या सगळ्यांचा, दुकानाचा आणि त्या अर्ध्या गाण्याचा एकदम वीट आला.

“लक्ष इथेच आहे,” ती म्हणाली. “डावा कान नाही मला. लहानपणापासून नाही.”

दुकानदार वळला. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. तिचा फोन मागून घेतला, सेटिंगमध्ये आत आत गेला आणि एक बटण सरकवलं. “आता ऐका.”

बासरीने विचारलं आणि बाईने उत्तर दिलं, दोन्ही उजव्या कानात, पातेल्यातल्यासारखं. गाणं पूर्ण झालं.

“हे फोनमध्ये असतंच, ताई. दोन्हीकडचा आवाज एक करायचं बटण. फुकट आहे. आधी सांगितलं असतंत तर पहिल्याच जोडावर भागलं असतं.”

“मग तो पहिला द्या परत.”

“तो गेला विकला.”

आनंद व्हायला हवा होता. पण तिला रडू येत होतं, आणि ते रागाचं होतं. भाऊजी दुकानाबाहेर आल्यावर पहिल्यांदा बोलले. “वहिनी, मला नाही का आधी सांगायचं?”

“तुम्ही बोलायचं थांबला असतात तर सांगितलं असतं.”

ती तरातरा घरी निघाली, कारण भाऊजींच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळच्या आत ही गोष्ट फोनवरून नवऱ्याकडे गेली असती, आणि ती तिला दुसऱ्याच्या तोंडून जायला नको होती.

नवरा उठून कामावर जायच्या तयारीत होता. बूट घालत होता. तिने पिशवी मशीनवर ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

“कुठला कान?” त्याने विचारलं.

“डावा.”

“अजिबात नाही?”

“अजिबात.”

तो एक बूट घालून, दुसरा हातात धरून बसून राहिला. फसवलंस असं म्हणेल, हसेल, आईला नावं ठेवेल, यातलं काहीही ऐकायची तिची तयारी होती. तो काहीतरी आठवत होता.

“स्पीकर आणला त्या दिवशी,” तो म्हणाला, “गाडीत मी तुझ्या कुठल्या बाजूला होतो?”

तिला विचार करावा लागला नाही. “डाव्या.”

“अगं, मग मी विचारलं ते तू ऐकलंच नाहीस.”

“काय विचारलंत?”

“मालक दोन दिवसांत उत्तर मागत होता. पुढे भाऊ गाडी चालवत होता, त्याच्यासमोर नको म्हणून मी हळू विचारलं. म्हटलं, रात्रपाळी घेऊ का? तू नको म्हणालीस तर नाही घेत. दोनदा विचारलं. तू खिडकीबाहेर बघत बसलीस.”

ती मशीनच्या स्टुलावर बसली.

“मला वाटलं तुला चालतंय,” तो म्हणाला. मग बुटाकडे बघत म्हणाला, “खोटं कशाला बोलू. मला वाटलं, मी रात्री घरात असलो काय, नसलो काय, तुला सारखंच.”

“मला हलवून नाही का विचारायचं?”

“आणि तू इतकी वर्षं सांगायचं नाही का?”

तिला त्याचा राग आला, स्वतःचा आला, आईचा आला, आणि पट्टा बांधून बसलेल्या त्या खोक्याचा तर इतका आला की तो आत्ता समोर असता तर तिने कात्री घातली असती. उन्हाळ्यापासून ती त्याच्यावर रुसून होती आणि तो तिच्यावर, आणि मध्ये काही नव्हतंच.

“आता सोडता येईल?” तिने विचारलं.

“वर्षाचा शब्द दिलाय. माझ्या जागेवर दिवसाला दुसरा माणूस लागला.”

त्याने दुसरा बूट घातला, डबा घेतला, दाराशी गेला. मग परत आला. मशीन आणि भिंत यांच्यामधून अंग चोरून तिच्या उजव्या बाजूला आला, पडद्याच्या कापडावर पाय पडू नये म्हणून एक हात भिंतीला टेकला आणि वाकून हळूच, गाडीत विचारलं असेल तसंच, म्हणाला, “रात्रपाळी घेऊ का?”

तिने उत्तर द्यायला जरा उशीर लावला.

“नको,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली, आणि डबा घेऊन तो कामावर गेला.