आयडेलाची टेकडी

मी पुस्तकांची पानं दुमडते म्हणून नाकं मुरडणारे आमच्या गावात पुष्कळ आहेत. मुरडोत बापडे. लायब्ररीनं रद्दीत काढलेलं पुस्तक लगद्यात जाण्यापेक्षा ससा होऊन कुणाच्या खिडकीत बसलं, तर बिघडलं कुठं? कात्री नाही, डिंक नाही. प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक खूण करायची, त्या खुणेवर कोपरा आत दुमडायचा आणि पट्टीनं घडी दाबायची. दोनशे पानं दुमडून पुस्तक उघडं उभं केलं की कडांमधून आकार दिसायला लागतो.

कॅनडातल्या लुनेनबर्गजवळच्या या गावात आम्ही सहा जणी दर मंगळवारी लायब्ररीत हेच करत बसतो. आमचा एक नेम आहे. खुणा केलेलं पुस्तक कुणाचं अर्धवट राहिलं, बाई थकली किंवा गेली, तर ते दुसरीनं पुरं करायचं.

म्हणून सप्टेंबरात रद्दीच्या खोक्यात ते निळं पुस्तक सापडलं, तेव्हा मला भरूनच आलं. जुन्या गलबतांवरचं जाडजूड पुस्तक. उजवीकडच्या प्रत्येक पानाच्या कडेला सुताराच्या जाड पेन्सिलीची एकेक आडवी रेघ, आणि घडी एकही नाही. 'कुणी बिचारी खुणा करून थांबली,' असं म्हणत मी आठवडाभर बसून सगळी पानं दुमडली. रेघेच्या खालचा कोपरा आत, वरचं तसंच. ओळखू येईल असं काही होईना. शेवटी पुस्तक उलटं उभं केलं, तेव्हा एक टेकडी दिसली. उजवीकडे जमिनीला टेकलेली, डावीकडे हळूहळू चढत गेलेली, आणि मध्येच एक खोल खड्डा. खुणा करणारीचा तिथं हात चुकला असणार, असं मी आमच्या ग्रंथपाल बर्निसला म्हटलंसुद्धा.

ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी लायब्ररीत आमची विक्री होती. टेबलं मांडून होतात तेवढ्यात ऑल्डन कॉर्कम काठी टेकत आले. जन्मभर बोटी बांधलेला माणूस, आता ऐंशीच्या पुढचा. त्यांची बायको आयडेला मार्चमध्ये गेली.

"बर्निस," ते म्हणाले, "गुडघा बदलायला मी हॉस्पिटलात पडलो, तर भाचीनं घर आवरलं. आवरलं कसलं, लुटलंच म्हण! आयडेलाचं निळं पुस्तक तुमच्या खोक्यात टाकलंय तिनं. गलबतांचं. कडेला मी रेघा मारल्यात बघ."

पुस्तक माझ्या कोपरापाशीच उभं होतं. खोटं कशाला सांगू, मी टेबलावरचा रुमाल त्याच्यावर ओढला.

"कसल्या रेघा?" बर्निसनं विचारलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचे उपकार.

"सहा वर्षांपूर्वी मेंदूचा झटका आला ना तिला? बोलणं शाबूत, पण अक्षरं पार गेली. मुलांची पुस्तकं आणली, तर माझ्याच अंगावर फेकली. 'मी काय बाळ आहे?' म्हणाली. मग हे आणलं. रोज सकाळी उजवीकडचं नवं पान. ती थकून थांबायची, तिथं मी रेघ मारायचो. पहिल्या दिवशी एक ओळ झाली नाही." त्यांनी नाक पुसलं. "दुसरं काही नको मला. तेवढं शोधून दे."

मी रुमाल काढला.

"ऑल्डन, हे मी केलं. मला वाटलं, कुणाचं काम अर्धं राहिलंय. घड्या उघडून देते आत्ता, पण त्यांचे वळ राहतील. मला माफ करा."

ते खुर्ची ओढून बसले आणि टेकडीच्या उजव्या पायथ्याशी बोट ठेवलं.

"हा पहिला आठवडा," ते पुटपुटले. बोट वर सरकलं. "हा ईस्टर. इथं आख्खा परिच्छेद वाचला पोरीनं!" आणखी वर. मग खड्ड्यात उतरून बोट थांबलं.

"इथं मी ओरडलो होतो तिच्यावर. 'काल आलं तेवढंही आज येत नाही?' असं म्हणालो. गाढव मी. अकरा दिवस ती पान समोर धरायची आणि पहिल्याच ओळीला मिटायची. मी आपला मुकाट रेघ मारायचो."

"आणि बाराव्या दिवशी?" माझ्यानं राहवेना.

"पुस्तक घेऊन माझ्या बोटींच्या शेडमध्ये आली. उभ्या उभ्या अर्धं पान वाचून दाखवलं." खड्ड्याच्या पलीकडचा उभा चढ ते बोटानं चढले. "मला माफ केलं, असं ती कधी म्हणाली नाही, ग्वेन. विचारायचा मला धीर झाला नाही. हे बघ, इथं आहे."

मला रडू फुटलं. लपवलंही नाही.

"घड्या उघडू?" मी डोळे पुसत विचारलं.

"हात तर लाव!" त्यांनी दोन्ही हातांनी पुस्तक कवटाळलं. "इतकी वर्षं हेच पुस्तक एकेक पान उलटून बघत आलो, पण तिनं केवढं चढून दाखवलंय ते आज दिसलं. तुझं भलं होवो, बाई."

नाकं मुरडणाऱ्यांना आता मी उत्तर देत नाही. त्या चुकीबद्दल मी जितकी ऋणी आहे, तितकी माझ्या कुठल्याच शहाणपणाबद्दल नाही.

ऑल्डनना गाडीपर्यंत आम्ही दोघींनी सोडलं. काठी बर्निसनं घेतली, कारण पुस्तक धरायला त्यांना दोन्ही हात हवे होते.