सिस्टर काय म्हनल्या

मूर्तिजापूरच्या पुढे, आडरस्त्यावरच्या आरोग्य केंद्रात सल्ल्याचा फोन सुरू झाला आणि तो रागिणी सिस्टरच्या हाती आला. पोराचा ताप, म्हाताऱ्याची साखर, कशासाठी दवाखान्यात यायचं आणि कशासाठी घरीच थांबायचं, हे ती फोनवर सांगे. लोकांची मजुरी बुडायची थांबली. केंद्रातली गर्दीही ओसरली.

शालू नेहमीच्यांपैकी. नदीपलीकडे तिची भाजीची वाडी होती. बीपीच्या गोळीचं विचारायला फोन करायची आणि वांग्याच्या भावावर येऊन थांबायची. रागिणीनं तिला पाहिलं होतं एकदाच, पण आवाज शंभरात ओळखला असता.

त्या सकाळी तो आवाज बारीक होता. "बाई, जबडा दुखून राहिला. घामही लय सुटला. पित्त असन काय?"

"पित्त नाही, शालूताई. आत्ताच्या आत्ता या. गाडी पाठवू का?"

"नको, हे हायेत ना घरी. निंगतोच."

रागिणीनं डॉक्टरांना सांगून ठेवलं, खाट मोकळी केली. मग लसीकरणाची रांग लागली, पोरांचा रडण्याचा कल्लोळ झाला, आणि शालू आलीच नाही हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा दुपार कलली होती. तिनं फोन लावला. कुणी उचलला नाही.

शालूची तेरवी झाल्यावर तिचा नवरा शेषराव केंद्रात आला. आता हा आरडाओरडा करणार, असं रागिणीला वाटलं. पण तो बाकाच्या टोकावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तिनं मले सांगतलं, सिस्टर म्हनल्या गोळी घ्या अन् पडून राहा. मेथी तोडून ठेवली होती, अकोल्याची गाडी दारात उभी. मी गेलो माल घेऊन." त्यानं वर पाहिलं. "तुमी तसंच म्हटलं होतं ना, बाई?"

रागिणीनं समोरची वही मिटली.

"मले भांडाचं नाही. तक्रारही करत नाही कुठं. तुमी फक्त हो म्हना."

हो म्हणणं सोपं होतं. तेवढ्यानं माणूस घरी जाऊन दोन घास जेवला असता. पण सिस्टरच्या फोननं बाई गेली, असं गावभर झालं असतं, आणि पुढं कुणी वेळेवर फोनच केला नसता. असा हिशेब आपल्याला या घडीला सुचतो, याची तिला लाज वाटली.

"नाही, दादा. मी त्यांना लगेच या म्हटलं होतं. पण निघाल्या का, हे मी वेळेत विचारलं नाही."

शेषरावनं मान हलवली. "चेहरा पांढरा पडला होता तिचा. म्या इचारलं, खरंच असं म्हनल्या? तर म्हने, जा तुमी, माल वाया जाईन. मले समजलं होतं, बाई, ती खोटं बोलते. पन मले जाचंच होतं."

रागिणीनं पाणी दिलं. पेला त्यानं नुसता हातात धरून ठेवला.

आता कुणाला 'या' म्हणायची वेळ आली की रागिणी घरातल्या दुसऱ्या माणसाला फोन द्यायला लावते, आणि थोड्या वेळानं स्वतः लावून पाहते. त्यात रांग खोळंबते, लोक कुरकुरतात, डॉक्टरही एकदा बोलले. म्हाताऱ्या पार्बताबाई तर फोनवर चिडल्याच, "माह्यावर भरोसा नाही काय?"

"आहे आजी. तरी सुनेला फोन द्या."

शेषरावचा फोन कधी आला नाही. त्यानं वाडी बटईनं, अर्ध्या वाट्यावर दुसऱ्याला देऊन टाकली, एवढंच कानावर आलं.