प्रीतिभोजन थांबलं तो दिवस

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, डोव्हरच्या मेथडिस्ट देवळात, तिमाहीचं प्रीतिभोजन होतं. दुसऱ्या दिवशी राज्याच्या सिनेटमध्ये एक कायदा मताला येणार होता: मंजूर झाल्यापासून डेलावेअरमध्ये गुलाम आईच्या पोटी जन्मणारं प्रत्येक लेकरू स्वतंत्र. मतं बरोबरीत होती. लटकत होतं ते फक्त ससेक्स परगण्याचे सिनेटर लेव्हिन पर्नेल यांचं. केझाया त्यांचीच गुलाम, त्यांचीच स्वयंपाकीण. तिला आठवा महिना लागला होता.

खाली गोरी मंडळी, वर सज्जात काळी. भाकरीचं ताट खालून फिरत वर आलं. रीत अशी, की मनात कुणाविषयी अढी असेल त्याने तुकडा मोडायचा नाही. आणि एकाने जरी नाकारला, तर समेट होईतो भोजन थांबायचं. आजवर कुणी नाकारला नव्हता. अढी पुष्कळांच्या मनात असायची, पण ती घरी ठेवून येण्याची सवय झाली होती.

केझायाने ताट मागे सारलं.

"अगं, घे की!" शेड्रॅक कुजबुजला. तो तिचा नवरा. स्वतंत्र माणूस, लाकडं फोडून पोट भरणारा, आणि उपदेशाला उभा राहिला की बोलता बोलता गाऊ लागणारा. "सगळे बघतायत."

"बघू देत."

पाद्रीबाबांनी मान वर केली. "केझायाबहिणी, कुणाविषयी अढी?"

"लेव्हिनभाऊंविषयी."

देवळात सगळेच भाऊ-बहीण. पण ते कुणी इतकं मनावर घ्यायचं नसतं. पर्नेल उठले. कान लालबुंद. "मी कधी हात उगारला तुझ्यावर? कुणाला विकलं?"

"नाही, मालक. तुम्ही चांगले आहात, म्हणून तर बोलायची छाती होते. पण तुमचा चांगुलपणा तुमच्याबरोबर मातीत जाईल, आणि माझं लेकरू तुमच्या पुतण्याकडे. तो कसा आहे, हे जेवताना तुम्हीच सांगता."

"मतदान सिनेटमध्ये असतं, बाई!" मागच्या बाकावरून कुणी खेकसलं.

"तिथं मला कोण येऊ देतंय, दादा?"

शेड्रॅकला राहवेना. तो उठला आणि बायबलातल्या, राजाच्या भीतीने नदीत सोडलेल्या गुलामाच्या लेकराच्या गोष्टीवर हळूच सूर लावला, "नदीकाठच्या बायांनो, सांगा गं, टोपलीतलं लेकरू कुणाचं?"

"देवाचं!" सज्जा म्हणाला.

"राजाचं की कुणाचं?"

"देवाचं!" या वेळी खालच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईनेही ओ दिली, आणि दिल्यावर तीच दचकली. असा गाता उपदेश ऐकला की काळजाचं दार आतून उघडतं. ते बंद धरायला माणसाला फार जोर लावावा लागतो.

पर्नेल टोपी उचलून बाहेर पडले. भोजन तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी कालवणात मीठ घातलं की नाही, हे केझायाला आठवेना. दुपारी पर्नेल स्वयंपाकघराच्या दारातूनच आत आले. कोटावर चिखल होता, कुणीतरी फेकलेला.

"झालं," ते म्हणाले. "एका मताने मंजूर. आता ससेक्सचे लोक मला कुत्री पकडायच्या कामालाही निवडायचे नाहीत."

केझायाने टेबलाची कड धरली. "देवा!" मग तिने विचारलं, "आणि मी, मालक?"

"कायद्यात तुझ्याबद्दल काही नाही."

"कायद्यात नाही. तुमच्या मनात?"

पर्नेल खुर्चीत बसले.

"उद्या कोर्टात चल," ते म्हणाले. "तुझी सुटका करून टाकू. शेड्रॅकलाही आण. पण त्याला सांग, तिथं गायचं नाही."

"ते मात्र माझ्या हातात नाही," केझाया म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू फुटलं.