बाबांचा 'जा'

आमच्या गॅरेजमधून गाडी बाहेर पडते ती माझ्या सासऱ्यांनी 'जा' म्हटल्यावरच. गाडी डबल स्टँडवर, इंजिन चालू, मागचं चाक अधांतरी फिरतंय आणि बाबा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला टेकवून मूठ कानाशी धरून बसलेले. गल्ली त्यांना कानमास्तर म्हणते. आम्ही फक्त शाफ्टच्या मोटरसायकली बघतो. यांत साखळीऐवजी लोखंडी दांडा मागचं चाक फिरवतो. त्यात थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच, थोडा आवाजही असतो. किती चालायचा आणि किती जिवावर बेतायचा, ते बाबांच्या कानाने ठरतं.

तो कान बंद होऊन वर्ष उलटलं होतं. हे ठाऊक होतं फक्त बाबांना आणि मला. मी समोर उभी राहायची. आवाज वाईट असला की माझ्या कपाळाला आठी पडायची, ती बघून ते म्हणायचे, "खोला." झाकली मूठ सव्वा लाखाची. मला त्यांची दया यायची आणि खरं सांगायचं तर गंमतही वाटायची. अख्खं गॅरेज माझ्या भुवईवर चाललं होतं आणि मला साधं 'वहिनी, जरा पाना द्या' यापलीकडे कोणी विचारत नव्हतं.

आईच्या आजारपणात मी माहेरी गेले होते, ती आदल्या संध्याकाळीच परतले. सकाळी नवरा लेकीला वसतिगृहावर सोडायला निघाला होता, आमच्याच जुन्या गाडीवरून, घाटाच्या रस्त्याने. मी आत तिची बॅग भरत होते. चार्जर सापडेना. तेवढ्यात बाहेरून बाबांचा आवाज आला, "जा!"

मी बॅग घेऊन दारात आले. लेक मागे बसून हेल्मेटचा पट्टा लावत होती. नवऱ्याने पहिला गिअर टाकून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि ॲक्सिलरेटर सोडला. खालून टक्. जरा पिळून पुन्हा सोडला. पुन्हा टक्. शाफ्टची गाडी थोडी बोलते, पण अशी दात आपटत नाही. मी बॅग तिथेच टाकली.

"अहो, थांबा! बंद करा ती."

"बाबांनी बघितलीय," नवरा म्हणाला. "आल्या आल्या कटकट नको."

मी बाबांकडे पाहिलं. माझी आठी त्यांना नक्की दिसली. ते आता तरी 'खोला' म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी नजर जमिनीकडे वळवली. नवऱ्याने हात क्लचवर ठेवला.

"बाबांना ऐकू येत नाही!" मी ओरडले.

समोरच्या टायरवाल्याचा हातोडा थांबला. नवरा लालबुंद झाला, पण लेक खाली उतरली होती. मी गाडी आत घ्यायला लावली आणि शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी आवरण मागे सरकवलं. आतून तांबड्या गंजाची भुकटी सांडली. सांध्याची इंजिनाकडची बाजू मुठीत धरून मी नवऱ्याला म्हटलं, "चाक हलवा." दोन्ही बाजू एकदम हलायला हव्या होत्या. मागची हलली, माझ्या मुठीतली गप्पच होती. मग टक् करून तीही हलली. दोन्ही बाजू जोडणाऱ्या मधल्या क्रॉसला केसाएवढी चीर गेली होती. हा घाटाच्या उतारावर तुटला असता तर चाक जागच्या जागी जाम झालं असतं.

बाबा अजून तिथेच होते, हातात स्क्रूड्रायव्हर.

"मी समोर नव्हते," मी त्यांच्यापुढे जाऊन सावकाश म्हटलं, त्यांना ओठ दिसावेत म्हणून. "मग 'खोला' म्हणायचं होतंत. नात बसली होती मागे!"

"प्रत्येक गाडी खोला म्हटलं असतं तर लोकांना कळलं असतं गं," बाबा म्हणाले.

प्रत्येक. मला संताप आला होता, तो त्या शब्दाने क्षणात थिजला.

"बाबा, मी माहेरी होते तेव्हा किती गाड्यांना 'जा' म्हणालात?"

ते एका हाताची बोटं मिटू लागले. तो हात संपला. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि दुसरा हात उघडला.