रेष होती का नव्हती

सोमवारी प्रेग्नन्सी किटवर दोन रेषा आल्या. दुसरी इतकी पुसट, की मी खिडकीपाशी नेऊन बघितली. गुरुवारी नव्या किटवर एकच. शनिवारी सकाळी रक्त जायला लागलं, गाठी पडायला लागल्या आणि उजवीकडं ओटीपोटात असं दुखायला लागलं की उभं राहवेना.

विमलाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मागच्या खोलीत चटई टाकली. "बस बाहेर. कशाला शिवू नको."

पाथरीत आमचं भिक्षुकीचं घर. सासरे अनंतराव पूजा सांगतात. रविवारी त्यांची एका यजमानाकडं वास्तुशांत होती. म्हणून घरात एकच चर्चा, हे धरायचं काय? पाळी असेल तर मी एकटी चार दिवस बाहेर. गर्भ गेला असेल तर नियम वेगळा, घरालाही लागतो का ते पोथीत बघावं लागणार.

सासरे दारापासून चार हात लांब. माझ्याशी न बोलता नवऱ्याला विचारायलेत.

"केयूर, विचार तिला. रेष होती का नव्हती?"

"होती बाबा. पुसट."

"पुसट म्हणजे धरायची का नाही?"

सासूबाईंनी कचऱ्याच्या डब्यातून किट चिमट्यानं काढलं, चष्मा लावला, उन्हात धरलं. "एकच दिसायलीय. काही नाही हो, पाळीच आहे."

ते गुरुवारचं किट होतं. मी आतून ओरडून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. पोथी मिटली. माझ्या पोटात काय होतं ते वास्तुशांतीच्या सोयीनं ठरलं.

"केयूर, मला परभणीला ने. लय दुखायलंय. श्रद्धाची नळी अशीच फुटली होती." श्रद्धा माझी मावसबहीण, गर्भ नळीतच अडकला होता, मरता मरता वाचलेली.

"चार दिवस जाऊ दे. न्हालीस की जाऊ. आता गाडीवर बसलीस तर शिवाशिव होईल, उद्या बाबांना तीच गाडी लागते."

माझ्यापेक्षा गाडी सोवळी!

मी उठले. स्वयंपाकघरातून, देवांसमोरून चालत पुढच्या दारानं बाहेर पडले. जाताना माठाला मुद्दाम हात लावला. मागं सासूबाई "अगं, अगं!" करायल्या. भिंतीला धरत कोपऱ्यापर्यंत गेले, परभणीची जीप पकडली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. "राहिलं होतं. रक्तात त्याचं प्रमाण आता कमी आहे. गर्भ पडायलाय का नळीत अडकलाय, ते आज सांगता येत नाही. ॲडमिट व्हा. परवा परत रक्त बघू."

सकाळपासून पहिल्यांदा कुणी माझ्याशी सरळ बोललं.

संध्याकाळी केयूर आला. पाण्याची बाटली स्टुलावर ठेवून मागं सरकला.

"हातात दे."

"घे ना तिथून."

"इथं कोण बघायलंय तुला?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला. सासरे.

"डॉक्टर काय म्हणाली? पाळी का ते दुसरं?"

"बाबा, मी उत्तरा बोलतेय. राहिलं होतं. नळीत असेल तर मी मरू शकते. आधी ते विचारा."

पलीकडून, "केयूरला दे."

मी फोन बंद केला.

वॉर्डात न्यायला सिस्टर आली. "नवरा ना तुम्ही? धरा की त्यांना."

केयूर पुढं आला.

"राहू दे," मी म्हणाले, "तुला आंघोळ करावी लागेल."

आणि सिस्टरच्या खांद्याला धरून उठले.