न चाखलेले नूडल्स

रमझानात संध्याकाळ उतरू लागली की इंडोनेशियातल्या मगलांग गावच्या त्या गल्लीत मशिदीच्या कर्ण्यावरून प्रवचन सुरू व्हायचं. प्रवचनकार बोलता बोलता गायला लागायचे. देवाचं नाव असं सुरात आलं की पोटातली भूकसुद्धा गप्प बसून ऐकते.

दर्सोनो ऐकत ऐकत कांदे चिरत होते. बायको वुर्यानी गेली, तेव्हापासून ते पुडीतले नूडल्स नुसते उकळून खात. आज मात्र लेक पालुपी रोजा सोडायला येणार होती, आणि आईच्या हातचे नूडल्स तिला लहानपणापासून प्रिय. तिनं म्हणावं, ‘बाबा, चला माझ्याकडे सुराबायाला,’ एवढीच त्यांची आस होती. आपणहून मागायला जीभ रेटत नव्हती. जावयाच्या घरी निकामी म्हातारा होऊन जाणंही नको. पण नातवंडांना चविष्ट करून घालणारा आजोबा कुणाला जड होईल?

अडचण एकच. रोजा चालू, चव कशी घ्यायची? वुर्यानी नुसत्या वासावर ओळखायची. त्यांनी कुंपणापलीकडे हाक मारली. शेजारच्या मार्ताबाई चर्चला जाणाऱ्या.

“बू मार्ता, जरा जीभ उसनी द्या.” तिकडे बाईमाणसाला ‘बू’ म्हणायचं, बाप्यामाणसाला ‘पाक’.

“आमचेही उपासाचे दिवस आहेत, पाक. मांस वर्ज्य. तुमच्या पुडीवर कोंबडी आहे.”

“पुडीवरच असते हो ती. आत कुणाला भेटलीय आजवर?”

मार्ताबाई हसल्या, चमचा तोंडात घालताच त्यांनी डोळे मिटले. “खारट. मसाल्याची अख्खी पुडी ओतलीत ना? वुर्यानी अर्धीच घालायची, तीही कांदा-लसणाबरोबर तेलात. नूडल्स उकळलेलं पाणी फेकून ताजं घ्यायची. इथूनच बघत असायचे मी.”

दर्सोनोंनी पुन्हा मांडलं. लसूण-मिरं कुटलं, अर्धा मसाला तेलात तडतडला, ताज्या पाण्यात कोबी गेला, वरून अंडं फोडलं, गोड सोया सॉसची धार सोडली. मार्ताबाईंनी चाखलं आणि न विचारता आणखी एक चमचा घेतला.

“हे तिचंच आहे,” मग म्हणाल्या.

बांग झाली. खजूर खाऊन पालुपीनं पहिला घास घेतला आणि तिचे डोळे भरले.

“बाबा, कधी शिकलात?”

“त्यात काय. रोज करतो.” रोजा नुकताच सुटला होता आणि खोटं बोलून झालं. “तुझ्या पोरांनाही आवडेल.”

“खरं सांगू? तुम्हाला न्यायचंच ठरवून आले होते. खोलीसुद्धा रिकामी केली. वाटायचं, आईमागे तुमचे खाण्याचे हाल होत असतील. हे म्हणत होते, बाबा तिकडे रमायचे नाहीत, घर सोडायला लावू नकोस.” तिनं रस्सा ओरपला. “बरोबरच म्हणत होते. तुम्ही किती छान सावरलात. माझ्या जिवाचा घोर गेला.”

दर्सोनोंच्या तोंडात घास होता. तो लवकर गिळला असता तर कदाचित बोलले असते. लेकीचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा निवांत दिसत होता.

“चाललंय खरं छान,” ते म्हणाले. “अजून वाढू?”

तिनं मागून घेऊन खाल्लं. निघताना त्यांचा हात कपाळाला लावला. गाडी वळणापलीकडे गेली, तरी ते फाटकात उभेच.

“काय म्हणाली लेक?” कुंपणापलीकडून मार्ताबाईंनी विचारलं.

“चव आवडली.”

“आणि?”

“तेवढंच,” दर्सोनो म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी भांडी घासली, आणि उद्यासाठी आपलं एकच ताट बाहेर ठेवलं.