समोरची खोली

मी थर्मास. निळा, बुडाशी पोचा आलेला. माझं काम सोपं: आत काय आहे ते बाहेर कळू द्यायचं नाही. गरम असो, गार असो, हात लावणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. या कामात मी फार हुशार निघालो, हेच माझं दुर्दैव.

मला आणलं ते बाळाच्या दुधासाठी गरम पाणी ठेवायला. पुढे बाळ मोठं झालं आणि आई मला पिशवीत घालून वाचनालयात नेऊ लागली. तिथे ती पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलाशी बसते. झाकणात ओतलेली दारू चहा वाटावी म्हणून ती तिच्यावर फुंकर घालायची. सभासद म्हणायचे, "ताई, चहा काही सुटत नाही तुमचा." ती हसायची. बाळंतपणानंतर झोप येईना म्हणून घेतलेल्या एका घोटाचे दिवसाला दोन थर्मास कधी झाले, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मग एक रात्र तिने टक्क जागून काढली. त्या संध्याकाळी तिची पाच वर्षांची मुलगी दाराआड बसली होती. हातात खेळण्यातला कप, कपात नळाचं पाणी. मुलीने भिंतीकडे तोंड केलं, त्या गार पाण्यावर फुंकर घातली, एका दमात प्यायली आणि पेपरमिंट चघळल्यासारखं तोंड हलवलं.

"हे काय गं?"

"मी आई झालेय."

सकाळी तिने दार लावून फोन हातात घेतला. दारू सोडणाऱ्यांच्या बैठका जवळपास कुठे भरतात, ते शोधायचं होतं. पहिला नंबर बंद. दुसरा कुठल्याशा पडद्यांच्या दुकानाचा. तिसऱ्यावर एक बाई शांतपणे बोलल्या. "स्वतःसाठी विचारताय की घरच्या कुणासाठी?"

एवढ्याशा प्रश्नावर ती अडली. "मिस्टरांसाठी," तोंडातून निघून गेलं.

त्यामुळे पत्ता मिळाला तो घरच्यांच्या बैठकीचा. दवाखान्यामागे एक हॉल, त्यात बोळाच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन खोल्या. एकीत पिणारे बसतात, दुसरीत त्यांच्यापायी जीव मेटाकुटीला आलेली माणसं. दर शनिवारी दुपारी ती मुलीला घेऊन या दुसऱ्या खोलीत बसू लागली. घरी सांगितलं, दवाखान्यामागच्या हॉलमध्ये बायकांचा वाचनकट्टा आहे.

तिथे तिने नवऱ्याचं सांगितलं. लपून पितो, शपथा घेतो, पोरीसमोर तोंड लपवतो. सगळं खरं, फक्त माणूस बदललेला. तिथल्या एक वयस्कर मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. "त्याला ओढून आणू नकोस, बाळा. त्याचं त्याला येऊ दे." तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटायची. मग निघण्यापूर्वी ती मला घेऊन बाथरूममध्ये जायची.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला किती ठाऊक होतं, कोण जाणे. एकदा त्याने मला उचललं होतं, बराच वेळ धरून ठेवलं होतं, आणि बूच न काढताच परत जागेवर ठेवलं होतं.

चौथ्या शनिवारी त्याचं काम त्याच भागात निघालं. दोघींना घरी न्यावं म्हणून तो हॉलवर आला. हाताला वंगण, झोप न झाल्याने डोळे तांबारलेले. मुलगी ओरडली, "बाबा आले." सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

मावशी उठल्या. "या दादा. लाजू नका. तुमची खोली समोरची."

त्याने मावशींकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग तिच्या मांडीवरच्या माझ्याकडे. आता हा सगळं बोलून टाकणार, असं मला वाटलं.

"बरं, मावशी," तो म्हणाला आणि समोर जाऊन बसला.

दारं उघडीच होती. प्लास्टिकच्या खुर्चीत, गुडघ्यांमध्ये हात धरून, तो दुसऱ्याचा गुन्हा पदरात घेऊन बसलेला दिसत होता. इकडे मावशी म्हणाल्या, "बघ, आला की नाही?" तिची बोटं माझ्यावर इतकी घट्ट आवळली होती की बूच कुरकुरलं.

ती उठली. बोळ चार पावलांचा. तिला तो पार करायला फार वेळ लागला.

"ते नाही पीत," ती दारात म्हणाली. "मी पिते."

समोरच्या खोलीचं काम एक निवृत्त कंडक्टर बघतात. ते म्हणाले, "बसा ताई. इथं कुणी चुकून येत नाही, असं मी नेहमी सांगतो. हे साहेब मात्र खरंच चुकून आले म्हणायचे." कुणीतरी हसलं. तिने मला टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांदेखत बूच काढलं. काय ते वासानेच सांगितलं.

आता मी त्याच खोलीच्या खिडकीत असतो. बूच हरवलंय, आत चमचे ठेवतात. ती आठ शनिवार आली, मग दोन आली नाही. परत आली तेव्हा कंडक्टरांनी काही विचारलं नाही, खुर्ची पुढे केली. उद्याचं मला माहीत नाही. तिलाही नाही. तुमच्याकडे एवढंच मागतो: थर्मास घेऊन कुणी एकटी बसलेली दिसली, तर जवळ जाऊन घोटभर चहा मागून बघा.

त्या दिवशीचं एक राहिलं. नवऱ्याने उठून स्वतःची खुर्ची तिला दिली. ती रडत होती. मुलगी दारात उभी राहून आळीपाळीने दोघांकडे बघत होती. मग तिने बाबांचं वंगणाचं बोट धरलं.

"आई, तू बस इथं," ती म्हणाली. "मी बाबांना आपल्या खोलीत नेते."